‘सर्वो घेऊनही पाटीचे कोपरे गोल’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू आणि सोबतचे दोन्ही फोटो नीट पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुनं स्टेपरचं (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरचं) कोरीवकामाचं सीएनसी मशीन काढून आमच्याकडून सर्वोचं (आपली जागा मोजत चूक भरून काढणाऱ्या मोटरचं) घेतलं, पैसे जास्त मोजले, आणि आता पितळी पाटीच्या चौकटीचे चारही कोपरे वापरलेल्या साबणासारखे गोल येतात, शिरोरेखेची टोकंही गुळगुळीत. फोन केला तर आमचा माणूस ‘फीड (कापण्याचा वेग) कमी करून बघा’ म्हणतो. फीडच कमी करायचं तर सर्वो कशाला घेतलं, हा तुमचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण सर्वोवर कोरीवकाम करणारे इतरही हा रिव्ह्यू वाचून मशीन घ्यायचं की नाही ते ठरवतील.

आधी चौकटीचा फोटो. सरळ बाजू एकदम स्वच्छ आहेत. तिरकी वेलबुट्टीही बिघडलेली नाही. कोपरा यायच्या थोडं आधीच रेघ आत वळते आणि मऊ वळण घेऊन दुसऱ्या बाजूला लागते. चारही कोपरे सारखे. तुम्ही शेजारी स्टीलची पट्टी ठेवलीत ते फार बरं केलंत. गोलाई अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दिसते. बॉलस्क्रूत (अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूत) किंवा कपलिंगमध्ये (मोटर आणि स्क्रूच्या जोडात) प्ले, म्हणजे सैलपणा, असता तर अक्षाची दिशा उलटते तिथे बारीक पायरी दिसली असती, आणि गोल कापताना वर-खाली-डावी-उजवीकडे चार सपाट डाग पडले असते. तसं काही नाही. म्हणजे मेकॅनिकलकडे पहिलं बोट जात नाही.

सर्वो मोटर हुकुमाच्या किंचित मागून धावते. किती मागून, ते वेगावर आणि ड्राइव्हमधल्या (मोटर चालवणाऱ्या पेटीतल्या) पोझिशन गेनवर ठरतं; मागे पडलेलं अंतर मोटर किती जोरात भरून काढते, तो आकडा म्हणजे गेन. हिशोब सोपा आहे: ३००० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५० मिमी. गेन ४० असेल आणि फीडफॉरवर्ड (वेग पाहून मोटरला आधीच दिलेला जास्तीचा हुकूम) शून्य असेल, तर ५० भागिले ४०, म्हणजे मोटर १.२५ मिमी मागे. गेन २० केला की २.५ मिमी. सरळ किंवा तिरक्या रेघेवर हे दिसतच नाही, कारण दोन्ही अक्षांचा गेन सारखा असेल तर दोन्ही एकाच प्रमाणात मागे राहतात आणि रेघ रेघेवरच पडते. कोपऱ्यावर मात्र एक्स अजून पोचायचा असतो आणि वायला निघायचा हुकूम सुटलेला असतो. तिथे कोपरा कापला जातो. कंट्रोलर वळणाजवळ वेग उतरवतो, म्हणून गोलाई पूर्ण २.५ मिमी येत नाही, पण येते.

स्टेपरवर कोपरे टोकदार यायचे, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. स्टेपर एक-दोन स्टेपपेक्षा जास्त मागे राहूच शकत नाही. राहिला तर स्टेप चुकतो आणि जॉबच सरकतो. सर्वो मागे राहूनही नंतर बरोबर जागेवर येतो. तेच त्याचं बळ आहे, पण ते कोपऱ्यावर उतरवायचं तर ट्यूनिंग नेटकं लागतं.

‘फीड कमी करून बघा’ हा उपाय म्हणून सांगितलेला नव्हता, ती तपासणी आहे. ६०० च्या फीडला गोलाई घटली तर दोष वेगाशी बांधलेला आहे. तशीच राहिली तर बिट (कापणारं हत्यार) किंवा मेकॅनिकल बघायचं. तुमच्या ऑपरेटरने ॲक्रिलिकच्या तुकड्यावर ५० मिमीचा चौकोन दोन्ही फीडला कापून पाठवला. ६०० वर कोपरा जवळजवळ उभा आला. मग प्रोग्राममधला जी६४ (कोपऱ्यावर न थांबता वळण्याचा हुकूम) काढून जी६१ लावलं, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर पूर्ण थांबा. फरक अगदी थोडा पडला. त्यानंतर कोपऱ्यावर जी४ ने ०.२ सेकंदाची विश्रांती घातली आणि कोपरा टोकदार आला. माझ्या मते या सगळ्यात हीच खरी साक्ष आहे. या जोडणीत कंट्रोलर ड्राइव्हला पल्स (हलण्याच्या हुकुमाचे विजेचे ठोके) देतो आणि आपलं काम झालं असं धरतो. मोटर जागेवर पोचली का, हे त्याला परत कळत नाही. जी६१ मुळे हुकूम थांबतो, मोटर नाही. विश्रांती दिली तेव्हा मोटरला पोचायला वेळ मिळाला.

मग ड्राइव्हची सेटिंग मागवली. मशीन लावताना दोन्ही अक्षांचा गेन ४५ होता, फीडफॉरवर्ड चालू होता, आणि त्याच सेटिंगवर कापलेली पितळी चाचणी-पट्टी तुमच्याकडे आहे. आता गेन २० आणि फीडफॉरवर्ड शून्य आहे. ऑपरेटरने सांगितलं की १.५ किलोवॉटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) काढून ३ किलोवॉटचा बसवल्यावर गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारी कमान) घुमायला, म्हणजे थरथरून आवाज करायला, लागली, म्हणून तिथल्या इलेक्ट्रिशियनने गेन उतरवला. त्यांना दोष देत नाही. घुमणं खरंच थांबलं आणि मशीन चालू राहिलं. पण वजन वाढल्यावर गॅन्ट्रीची कंप पावण्याची वारंवारता बदलते, आणि त्याचा इलाज ड्राइव्हमधला नॉच फिल्टर (एका ठरावीक वारंवारतेचा कंप दाबणारी सेटिंग) आहे. कोणत्या वारंवारतेला घुमतं ते शोधून फिल्टर तिथे बसवायचा, मग गेन हळूहळू वर न्यायचा, शेवटी फीडफॉरवर्ड. उलट क्रमाने गेलं की पुन्हा घुमणार. एक्स आणि वायचे आकडे सारखेच ठेवायचे, नाहीतर कोपरे सुधारतील आणि गोल तिरपे लांबट होतील. काही जण कोपरा आला की गेन आणखी वर रेटतात. त्याने कोपऱ्यापुढे रेघेत लहरी उठतात आणि चकचकीत पितळेवर त्या लगेच डोळ्यांत भरतात. कृपया कुणाला तसं करू देऊ नका.

दुसरा फोटो वेगळ्या कारणाचा आहे. बारीक अक्षरांत शिरोरेखा आणि काना जिथे मिळतात, तिथला आतला कोपरा १ मिमीने गोल आहे. ती जागा २ मिमीच्या एंडमिलने साफ केली आहे. गोल फिरणारं २ मिमीचं बिट आतल्या कोपऱ्यात १ मिमीची त्रिज्या सोडणारच. सर्वो असो, स्टेपर असो, कितीही महाग मशीन असो. तिथे व्ही-बिटने (टोकदार बिटने) कोपऱ्यात शिरताना झेड (वर-खाली जाणारा अक्ष) वर उचलत जाणारा टूलपाथ (बिटचा मार्ग) घ्यावा लागेल. आणि तिथे पुन्हा स्पिंडलच्या वजनाचा प्रश्न येतो, कारण ते सगळं वजन झेडवर आहे. ६० अंशांच्या व्ही-बिटला खोलीत ०.१ मिमीची चूक झाली तर रेघ ०.११५ मिमीने रुंद किंवा अरुंद होते. म्हणून झेडचं ट्यूनिंगही त्याच बैठकीत करू.

आमचा माणूस येत्या आठवड्यात भोसरीहून सांगलीला येतोय. स्पिंडल तुम्ही बदललेला असला तरी या ट्यूनिंगचे आणि येण्या-जाण्याचे पैसे घेणार नाही. तो यायच्या आधी एवढं करून ठेवा: गॅन्ट्रीचे आणि नव्या स्पिंडलच्या ब्रॅकेटचे बोल्ट, तसेच तिन्ही कपलिंगचे ग्रब स्क्रू (आत बुडणारे बिनडोक्याचे स्क्रू) ॲलन कीने तपासून घ्या. यातलं काही सैल असताना नॉच फिल्टर लावला तर बोल्ट आवळल्यावर तो चुकीच्या जागी पडतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. आत्ताच्या सेटिंगची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. डायल गेज (बारीक अंतर मोजायचं उपकरण) तो घेऊन येईल. पितळेचा एक तुकडा तुमच्या नेहमीच्या जाडीचा हवा; ॲक्रिलिकवर चांगलं आलं म्हणून तो निघणार नाही, ३००० च्या फीडला पितळेवर चौकोन कापून आणि तुम्हाला दाखवूनच निघेल. तोवर अडलेल्या पाट्या असतील तर चौकटीच्या कोपऱ्यांवर ती ०.२ सेकंदाची विश्रांती ठेवून कापा. वेळ थोडा जास्त लागेल, पण माल वाया जाणार नाही.