न बोलणारी, पण गप्प नसलेली

सोलापुरातल्या आमच्या नातेवाइकांमध्ये माझी मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत ‘गुणाची पोर’ म्हणून ओळखली जात होती, आणि या कौतुकामागचे कारण एवढेच होते की ती बोलत नव्हती. मुलगा त्या वयात बोलत नसला तर घरात निदान चर्चा तरी होते, कोणी वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगते, कोणी जिभेखालची शीर दाखवून आणायला सांगते. मुलीचे न बोलणे मात्र थेट स्वभावाच्या खात्यात जमा होते. ती शांत आहे, समजूतदार आहे, पाहुण्यांसमोर मधेमधे करत नाही, असे म्हटले की विषय संपतो. उशिरा बोलणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण अधिक असते हे खरे आहे, पण आपल्याकडे मुलींच्या बाबतीत ते लक्षात येण्यासही उशीर होत असावा, असा माझा तर्क आहे, कारण मुलीच्या गप्प राहण्यात काही उणे आहे असे मुळात कोणाला वाटतच नाही.

माझ्या मुलीला ‘शांत’ म्हणणाऱ्या माणसाने तिच्याबरोबर एक दुपार काढलेली नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. माझे माहेर सोलापूरचे मराठी, सासर सोलापूरच्याच पूर्व भागातले तेलुगू पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, आणि नवऱ्याच्या मागच्या दोन पिढ्या यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या, त्यामुळे आमच्याकडे मोठ्या आवाजात बोलणे हा कोणाचा दोष मानला जात नाही. अशा घरात ही मुलगी शब्दांवाचून आपला कारभार चालवत होती. कोण बाहेर निघणार आहे हे तिला आमच्या आधी कळे आणि त्या माणसाचे बूट दारापाशी जोडीने मांडून ठेवलेले असत. ज्याला तिने घरी ठेवायचे ठरवले असेल त्याचा एक बूट सोफ्याखाली सापडे. कचऱ्याची गाडी गल्लीच्या टोकाला आली की गाडी मागे घेताना वाजणारा इशारा ती तोंडाने इतका हुबेहूब काढी की शेजारच्या आजोबांनी एकदा खिडकी उघडून पाहिले. पायमोजा कानात अडकवून, आपल्याकडे कोणी पाहते आहे का हे आधी तपासून मगच हसणे, हा तिचा विनोद होता. विनोदाला समोर माणूस लागतो हे तिला शब्दांच्या आधी समजले होते. सासूबाईंनी पाठवलेली शेंगा चटणी ती जर्मन काळ्या पावावर लावून मागे, आणि मी कमी लावली तर पाव उलटा करून ताटलीत ठेवी. निषेध नोंदवण्याची याहून स्पष्ट पद्धत मला ठाऊक नाही.

ही यादी मुद्दाम लांबवली, कारण तपासणी, उपचार आणि धोरणे यांचे बोलणे सुरू झाले की मूल मागे पडते आणि त्याची उणीव तेवढी पुढे येते.

जर्मनीत मूल जन्मले की आईच्या हाती एक पिवळी वही येते. तिच्यात जन्मापासून शाळेच्या वयापर्यंतच्या तपासण्या क्रमाने छापलेल्या असतात. एकविसाव्या ते चोविसाव्या महिन्यातल्या तपासणीला ‘ऊ-सात’ म्हणतात, आणि चौतीस ते छत्तीस महिन्यांच्या दरम्यान आणखी एक असते, जी २००८ पासून सुरू झाली. मूल आजारी असो वा नसो, त्या वयात त्याला डॉक्टरांपुढे न्यायचे असते. नवजात बाळाच्या श्रवणशक्तीची चाचणीही तिथे २००९ पासून सर्वांसाठी आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ऊ-सातच्या वेळी शब्दांची यादी भरून घेतली आणि तिचे जर्मन शब्द, मराठी शब्द आणि तेलुगू शब्द असे तिन्ही मिळून मोजायला सांगितले. बेरीज केली तरी ती फार होत नव्हती. मग त्यांनी काही गोष्टी विचारल्या: हवी असलेली वस्तू ती बोटाने दाखवते का, दाखवताना तुमच्याकडे वळून पाहते का, नाव घेतल्यावर मान फिरवते का, ‘बूट आण’ म्हटले तर आणते का. या सगळ्याचे उत्तर ‘हो’ असे आल्यावर त्यांचा चेहरा बराच सैल झाला, तरीही कानांची सविस्तर तपासणी त्यांनी सोडली नाही. कानाच्या पडद्यामागे द्रव साचून कमी ऐकू येणारे मूल दाराची घंटा ऐकते, हाकेला वळते, आणि तरीही शब्दांतले बारीक ध्वनी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ‘तिला ऐकू येते, आम्हाला माहीत आहे’ हे आईबापांचे म्हणणे पुरेसे धरायचे नसते. तिचे कान उत्तम निघाले.

इथपर्यंत वाचून ‘तिकडची व्यवस्था ती व्यवस्था’ असे कोणी म्हणणार असेल तर थोडे थांबावे. तपासणी ठरल्या दिवशी झाली, चिठ्ठी मिळाली, विम्याने खर्च उचलला, आणि त्यानंतर स्पीच थेरपिस्टकडे जागा मिळेपर्यंत ऋतू बदलला. फोन उचलणारी प्रत्येक बाई नम्रपणे प्रतीक्षायादीत नाव घालत होती. शिवाय तिथेही ‘दोन-तीन भाषांची मुले उशिराच बोलतात, थोडे थांबा’ असे सांगणारे डॉक्टर आहेत, हे इतर भारतीय आयांकडून मी ऐकले आहे.

उलट, वही आपल्याकडेही आहे. सरकारी लसीकरणाच्या वेळी जे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यात लशींच्या तक्त्याबरोबर बाळाने कोणत्या वयात काय करायला हवे याचीही पाने आहेत. माझ्या भाचीचे कार्ड मी मागच्या वेळी चाळले, तर लशींची पाने हाताळून मऊ झालेली आणि विकासाची पाने कोरी करकरीत होती. याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. राष्ट्रीय वेळापत्रकात सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचे डोस झाले की पुढची मोठी सुई पाच-सहा वर्षांच्या वयात येते. म्हणजे मूल बोलत नाही हे ज्या काळात लक्षात यायचे, नेमक्या त्याच काळात धडधाकट मुलाला डॉक्टरांकडे नेण्याचे काही निमित्तच उरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा मुले तपासतात आणि विकासातला विलंब हा त्यांच्या तपासणीचा एक ठरलेला भाग आहे, परंतु ‘जुळे सोलापूर’ या शहराच्या नव्या भागातल्या फ्लॅटमधले मूल अंगणवाडीत जात नाही आणि त्याच्या आईबापांना असा काही कार्यक्रम आहे याचा पत्ताही नसतो. गरिबांसाठी योजना आहे, श्रीमंतांसाठी पुण्याचे डॉक्टर आहेत, आणि मधल्या घरांत ‘बोलेल की’ आहे.

‘बोलेल की’ या दिलाशाला प्रत्येक घरात एक पुरावा असतो. आमच्याकडे नवऱ्याचे एक काका आहेत, जे चौथ्या वर्षापर्यंत बोलले नाहीत आणि नंतर कधी थांबले नाहीत, असे सांगतात. ज्यांची समज आणि खाणाखुणा चांगल्या आहेत अशी निम्म्याहून अधिक मुले शाळेच्या वयापर्यंत इतरांच्या बरोबरीला येतात, तेव्हा काका काही अपवाद नव्हेत. अडचण अशी की कोणते मूल काकांच्या वाटेने जाणार आणि कोणाला मदतीची गरज लागणार, हे दोन वर्षांच्या वयात कोणालाही नक्की सांगता येत नाही. म्हणून थांबायचे असेल तर कान तपासून आणि तज्ज्ञाला दाखवून मग थांबावे. मोजपट्ट्यांबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही. दोन वर्षांना सुमारे ५० शब्द ही जुनी खूण होती, अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपल्या यादीत ती तीस महिन्यांवर नेली आणि त्यावर तिथल्या स्पीच थेरपिस्टांनी टीका केली, कारण उशिरा खूण म्हणजे उशिरा मदत. आकड्यापाशी अडून बसू नये, पण आकडा मुळीच नको हेही परवडणारे नाही.

आता भाषांचा प्रश्न, आणि इथे मला गावाकडच्या वादात थोडे शिरावे लागेल. महाराष्ट्र शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला, विरोध झाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या महिन्यांत दुसरा विषय नव्हता. मीही त्या सक्तीच्या विरोधातच होते, आजही आहे, कारण ज्या शाळांत पहिलीला पुरेसे शिक्षक नाहीत तिथे आणखी एक विषय लादणे मला गैर वाटते आणि कोणती भाषा शिकायची हे दिल्लीकडे पाहून ठरू नये असेही वाटते. मात्र गटावर सगळ्यांत जास्त फिरलेले कारण हे नव्हते. ते कारण असे होते की लहान मुलांचा मेंदू इतक्या भाषा पेलू शकत नाही, त्यांचा गोंधळ होतो. आणि हे पुढे पाठवणाऱ्यांपैकीच काहींनी त्याच आठवड्यात मला खासगी निरोप धाडला, की पोरीशी घरी मराठी-तेलुगू बोलणे बंद करा, फक्त जर्मन बोला, म्हणजे तिची जीभ सुटेल. मराठीच्या रक्षणासाठी वापरलेला युक्तिवाद इतक्या लवकर मराठी सोडण्याच्या सल्ल्यापर्यंत पोचेल, असे मला वाटले नव्हते.

हा सल्ला एकट्या सोलापूरचा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या सीएसयू पक्षाच्या एका मसुद्यात, कायम राहू इच्छिणाऱ्या स्थलांतरितांना घरातही जर्मन बोलण्यास प्रवृत्त करावे, अशा अर्थाचे वाक्य होते. त्याची देशभर टर उडवली गेली आणि पक्षाला शब्द सौम्य करावे लागले. घरात काय बोलावे हे पक्षाने सांगितले तर हसू येते, मावशीने सांगितले तर ऐकावे लागते.

या बाबतीत भाषाशास्त्र आणि वाचा-उपचार यांतले मत बरेच स्पष्ट आहे: एकापेक्षा अधिक भाषा कानावर पडल्याने बोलण्याचा विकार होत नाही, आणि ज्याला विलंब आहे त्याची एक भाषा काढून घेतल्याने तो भरून निघत नाही. आईबापांनी ज्या भाषेत त्यांना सहज बोलता येते, रागावता येते, गाता येते, तीच बोलावी. माझे जर्मन कार्यालयापुरते ठीक आहे, पण त्यात मला मुलीला भात भरवता येत नाही. वर्गात शिकवलेला विषय आणि अंगणात कानावर पडलेली बोली यांत फरक आहे, आणि तो सोलापूरकरांना तरी समजावून सांगावा लागू नये. ज्या गावात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांत भरत आल्या आहेत, जिथे संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात ‘दिड्डम, दिड्डम’ ऐकून अक्षता टाकणाऱ्यांना ते कन्नड आहे की काय असा प्रश्न कधी पडत नाही, जिथे अशोक चौकातला पोरगा आईशी तेलुगूत, मालकाशी मराठीत आणि मित्राशी दखनीत भांडतो, त्या गावाने दोन भाषांनी मूल गोंधळते असे म्हणावे, हे मला पटत नाही. इथल्या रस्त्यावरची मुले मुकी राहिली असती तर बाजार कधीच बंद पडला असता.

मोबाइलबाबत मात्र गावाकडचे लोक बरोबर बोलतात आणि स्वतः पाळत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच अशी आहे, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. हा अपवाद आमच्यासारख्यांना फार मोलाचा आहे. त्या कॉलवरच तिने ‘ताता’ला, म्हणजे तेलुगूत आजोबांना, पहिल्यांदा हाक मारली आणि सासऱ्यांनी तो फोन घरभर फिरवला.

आता ती तीन वर्षांची होत आली आहे. स्पीच थेरपिस्टकडे जागा मिळाली तोपर्यंत शब्द येऊ लागले होते. ‘नको’ मराठीत येतो, ‘रा’ म्हणून बापाला तेलुगूत बोलावणे येते, आणि ‘मेअर’, म्हणजे आणखी, हे पाळणाघरातून आणलेले जर्मन. या तिघांना तिने आपापली कामे वाटून दिलेली दिसतात: नकार आईच्या भाषेत, हुकूम बापाच्या भाषेत, भूक जर्मन भाषेत. दोन शब्द जोडून ती पहिल्यांदा जे बोलली ते ‘मेअर चटणी’ असे होते, आणि थेरपिस्टबाईंनी ते वाक्य म्हणून वहीत नोंदवले. उपचार चालू आहेत, उच्चार अजून पुष्कळसे आम्हालाच कळणारे आहेत, आणि पुढच्या तपासणीत काय लिहिले जाईल ते तेव्हा पाहू. दरम्यान पाव उलटा करून ठेवण्याची पद्धत तिने सोडलेली नाही. आता त्याबरोबर ‘नको’ही असते.

आईचा फोन आला की अजूनही पहिला प्रश्न ‘बोलायली का ग पोरगी?’ हाच असतो, आणि मी आता ‘काय बोलायली ते विचार’ असे सांगते. येत्या संक्रांतीला आम्ही सोलापूरला येतो आहोत. घरातल्या मोठ्यांना माझे आधीच सांगणे आहे की तिच्याशी ज्याला जी भाषा येते त्या भाषेत भरपूर बोलावे, गाडीत बसवून गड्डा दाखवावा, हुरडा खाऊ घालावा, परंतु ‘आधी म्हण, मग देते’ म्हणून तिच्या हातातली वस्तू कोणी अडवून धरू नये, आणि दुसऱ्याच्या नातवाने काय काय म्हणून दाखवले याची यादी तिच्यासमोर वाचू नये. तिला सगळे समजते. कोणाचा बूट कुठे जाईल, याची मी जबाबदारी घेणार नाही.