होतकरू पर्यावरणमंत्र्यास सल्ल्याचे चार शब्द

पर्यावरणाचे खाते तुमच्याकडे आले असेल, किंवा येत्या खातेवाटपात येण्याची लक्षणे दिसत असतील, तर प्रथम तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. सरकारात इतके सुखाचे खाते दुसरे नाही. रस्त्यांच्या मंत्र्याला लोक खड्डे दाखवतात, अर्थमंत्र्याला महागाईचा जाब विचारतात, गृहमंत्र्याला तर रोज सकाळी कोणी ना कोणी फैलावर घेतच असते. पण यंदा जगाचे तापमान किती उतरवलेत, असे विचारणारा मतदार अजून जन्माला यायचा आहे. हे सुख पुरेपूर भोगायचे असेल तर काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावी लागतात, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे पथ्य तारखेचे आहे.

उद्दिष्ट जितके मोठे, तितकी त्याची तारीख लांबची असावी. या बाबतीत ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी घालून दिलेला धडा मुळातून अभ्यासावा. २४ मे २०१९ रोजी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले, आणि त्याला तीन आठवडेही झाले नव्हते तोच, १२ जूनला, २०५० पर्यंत देशाचे कार्बन उत्सर्जन ‘निव्वळ शून्य’ करण्याचे, म्हणजे हवेत जितका सोडू तितका शोषूनही घेण्याचे, बंधन कायद्यातच घालत असल्याची घोषणा केली. खर्च एक लाख कोटी पौंडांच्या वर जाईल, असा इशारा त्यांच्याच अर्थमंत्र्यांनी पत्राने दिला होता. तरीही हाउस ऑफ कॉमन्समध्ये सुमारे दीड तासाची चर्चा झाली आणि मतदान न घेताच प्रस्ताव संमत झाला. ज्यांना पुढच्याच महिन्यात सरकारी निवासस्थान रिकामे करायचे होते, त्यांनी पुढच्या एकतीस वर्षांत देशाने काय जाळावे आणि काय जाळू नये हे ठरवून टाकले. तुम्हीही २०५० साली आपले वय किती असेल ते आधी मोजून घ्यावे, आणि ते नव्वदीच्या पुढे जात असेल तर उद्दिष्ट खुशाल आणखी कडक करावे.

तारीख ठरली की धुराकडे वळावे. धूर कमी करणे हे कष्टाचे, खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. तोच धूर सरहद्दीपलीकडे सोडणे त्या मानाने फार सोपे. ३० सप्टेंबर २०२४ हा दिवस या शास्त्राच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी ब्रिटनमधले कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले, आणि त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथील टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी, म्हणजे कोळशाच्या धगीवर लोखंड गाळणारी भट्टी, विझली. एका कारखान्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या गावात अडीच हजारांहून अधिक नोकऱ्यांवर पाणी सोडले गेले. भट्टीच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभारण्यासाठी सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले, आणि ती उभी राहीपर्यंत पोलादाच्या लाद्या बाहेरून, अर्थात जहाजाने, आणून कारखाना चालवायचे ठरले. आता गंमत अशी की, याच कंपनीने बरोबर दहा दिवस आधी, २० सप्टेंबरला, ओडिशातील कलिंगनगर येथे भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू केली होती. एका भट्टीचा दुसरीशी थेट संबंध नाही असे कोणी सांगेल, आणि ते खरेही आहे. ओडिशातल्या पोलादाला गिऱ्हाईक भारतातच भरपूर आहे आणि तिथल्या माणसाला त्या भट्टीचा आनंद झाला असेल तर तो योग्यच आहे. मुद्दा इतकाच की, वातावरणाला पासपोर्ट तपासता येत नाही. तुमच्या मंत्रालयाला मात्र येतो, आणि वार्षिक अहवाल वातावरण लिहीत नाही, मंत्रालय लिहिते.

काही धूर असा हट्टी असतो की तो देशाबाहेर जायला तयार होत नाही. अशा वेळी त्याला जागीच राहू द्यावे आणि हिशेबातून तेवढा बाहेर काढावा. उत्तर यॉर्कशरमधले ड्रॅक्स वीजकेंद्र पूर्वी कोळसा जाळत असे. आता तिथे लाकूड जाळतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत झाडे तोडतात, त्यांचा भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात, त्या जहाजात भरून अटलांटिक महासागर ओलांडून आणतात, बंदरावर झाकलेल्या रेल्वेडब्यांत ओततात आणि वीजकेंद्रात नेऊन पेटवतात. तितक्याच विजेमागे या लाकडाच्या चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षा कमी नसतो, उलट थोडा अधिकच असतो. परंतु आंतरराष्ट्रीय हिशेबाच्या नियमांप्रमाणे लाकडाचे उत्सर्जन जिथे झाड पडले तिथे मांडायचे असते, जिथे ते जळले तिथे नाही, म्हणून ब्रिटनच्या वहीत त्या चिमणीपुढे शून्य लिहिले जाते. झाड पुढे कधीतरी पुन्हा वाढेल, हा त्यामागचा युक्तिवाद. या शून्यासाठी ग्राहकांच्या वीजबिलातून अनुदान दिले जाते. जंगल तोडून, समुद्रापार नेऊन, जाळून ‘नवीकरणीय’ ठरवण्याइतकी प्रतिभा कोणत्याही कवीजवळ नसते. त्यासाठी लेखापालच लागतो. तुमच्या खात्यात असा एक तरी माणूस असावा आणि त्याचा पगार शास्त्रज्ञांपेक्षा जास्त असावा.

आता थोडे अणुऊर्जेविषयी. तिच्यापासून चार हात दूर राहावे, कारण ज्या उपायाने प्रश्न खरोखरच सुटण्याचा धोका असतो, तो उपाय या खात्याला परवडत नाही. फ्रान्स आपली सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून काढतो. तिथे या विषयावर रंगतदार भाषणे करायला कितीसा वाव राहणार? जर्मनीने हे वेळीच ओळखले. १५ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या शेवटच्या तीन अणुवीजकेंद्रांना, चालू स्थितीत असताना, कुलूप घालण्यात आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत ल्युत्सेराथ नावाचे खेडे पोलिसांनी रिकामे करून दिले, कारण त्याच्याखाली तपकिरी कोळसा होता. सत्तेत हरित पक्ष सामील होता, खेडे कोळशाच्या खाणीला देण्याची तडजोडही त्याच्याच मंत्र्यांनी केली होती, आणि विरोध करायला आलेल्या हवामान-आंदोलक ग्रेटा थुनबर्ग यांना पोलिसांनी उचलून नेल्याची छायाचित्रे जगभर छापून आली. त्याच खाणीच्या विस्तारासाठी जवळच्या काही पवनचक्क्याही उतरवल्या गेल्या. हे सारे डाव्यांचे उद्योग म्हणावे तर तसेही नाही. २०११ साली फुकुशिमाच्या अपघातानंतर अणुऊर्जा सोडण्याची घाई करणाऱ्या चॅन्सेलर अँगेला मर्केल या उजवीकडच्या पक्षाच्या होत्या, आणि आमच्या बाजूच्या मंडळींनी हे सोयीस्करपणे विसरू नये. पुढे १२ डिसेंबर २०२४ रोजी वारा पडला, ऊनही नव्हते, आणि संध्याकाळी जर्मन बाजारात विजेचा दर मेगावॉट-तासाला ९०० युरोंच्या वर गेला. शेजारच्या स्वीडनमध्येही दर भडकले, तेव्हा तिथल्या ऊर्जामंत्री जर्मनांवर उघडपणे संतापल्या. तुमच्यावर असा प्रसंग आला तर शेजारी देशांशी असलेल्या ‘ऊर्जा-सहकार्या’चे तोंड भरून कौतुक करावे.

खर्चाचा प्रश्न निघेलच. त्याबाबत आपल्याकडे आयजीच्या जिवावर बायजी उदार अशी फार जुनी आणि पूर्णपणे नवीकरणीय व्यवस्था आहे. फक्त आयजी निवडताना काळजी घ्यावी. फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रों यांनी इंधनावरचा कर वाढवायला घेतला आणि तो नेमका अशा लोकांवर पडला ज्यांच्या खेड्यात मेट्रो नाही, बस नाही, आणि कामावर जायला जुनी डिझेल मोटार तेवढी आहे. विशेष म्हणजे, पिढ्यान्पिढ्या डिझेलवर कमी कर लावून ती मोटार घेण्याची गोडी सरकारांनीच लावली होती. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी ही माणसे चौकाचौकांत उतरली, आणि उतरताना अंगात घालून आली ती पिवळी जाकिटे, जी प्रत्येक मोटारीत ठेवण्याची सक्ती सरकारनेच केली होती. तुम्हाला जगाच्या अंताची चिंता, आम्हाला महिनाअखेरची, अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. डिसेंबरात करवाढ मागे घेतली गेली. तेव्हा जो रस्त्यावर उतरू शकतो त्याला बिल थेट पाठवू नये. ते वीजबिलाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, तीन-चार आकारांत विभागून पाठवावे.

श्रीलंकेच्या गोटाबाया राजपक्षे यांचे उदाहरण त्याहूनही बोलके आहे. २०१९ च्या निवडणुकीत त्यांनी दहा वर्षांत देशाची शेती सेंद्रिय करण्याचे वचन दिले होते. वचन उत्तम होते, मुदत त्याहून उत्तम. पण एप्रिल २०२१ मध्ये त्यांना धीर निघाला नाही आणि रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. ऑक्टोबरच्या अखेरीस ते ग्लासगोच्या हवामान परिषदेला गेले आणि तिथे त्यांनी आपल्या धोरणाचे समर्थन केले. नोव्हेंबर सरण्याआधी मायदेशी तेच धोरण गुंडाळावे लागले. तोवर भाताचे पीक पडले होते, चहाच्या मळ्यांचे कंबरडे मोडले होते, आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ विकत आणत होता. श्रीलंकेची तिजोरी रिकामी होण्याची कारणे आणखीही होती, सगळा दोष खताच्या पोत्यावर टाकणे बरोबर नाही. पण जुलै २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लष्करी विमानाने देश सोडून गेले तेव्हा शेतकरी त्यांना निरोप द्यायला आले नव्हते, हेही खरे. घोषणा अमलात आणण्याचा मोह हा या व्यवसायातला सर्वांत घातक मोह आहे.

वृत्तपत्रांची मात्र तुम्हाला मुळीच भीती नको. त्यांना परिणामांत रस नसतो, मुदतीत असतो. २००९ च्या जुलैमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी जगाला बचावासाठी ९६ महिने दिले. ऑक्टोबरात पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ते ५० दिवसांवर आणले. दोन्ही मुदती छापणाऱ्यांपैकी किती जणांनी मुदत उलटल्यावर पुन्हा फोन केला असेल, हे तुम्हीच ताडावे. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) असे म्हटले की, तापमानवाढ दीड अंशापर्यंत रोखायची असेल तर उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्के उतरले पाहिजे. अटी, शक्यता आणि टक्केवारी यांनी जड झालेले हे वाक्य मथळ्यात बसेना, तेव्हा ‘जगाकडे उरली बारा वर्षे’ असा मथळा करण्यात आला. शास्त्रज्ञांनी तसे म्हटले नव्हते, पण शास्त्रज्ञांना मथळे लिहिता येत नाहीत. एक खबरदारी तेवढी घ्यावी: २०२४ हे नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले, ही बातमी आणि त्याच वर्षी जगाने कोळसा पूर्वी कधी नव्हे इतका जाळला, ही बातमी एकाच पानावर येऊ देऊ नये. तीस वर्षांच्या हवामान परिषदांनंतर हे दोन्ही आकडे एकत्र पाहिले तर एखादा वाचक, परिषदांनी नेमके काय केले, असे विचारायचा.

परिषदांना अर्थातच जावे, आणि मोठ्या लवाजम्यासह जावे. २०२३ ची परिषद दुबईत झाली, अध्यक्षस्थानी यजमान देशाच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख होते आणि पाहुणे ८० हजारांवर होते. पुढच्या वर्षी बाकूमध्ये अझरबैजानच्या अध्यक्षांनी तेल आणि वायू ही देवाची देणगी असल्याचे व्यासपीठावरूनच सांगून टाकले. इतका प्रांजळ यजमान पुन्हा मिळणे कठीण. २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलाच्या दाराशी, बेलेमला, हॉटेलांच्या खोल्या पुरेनात म्हणून दोन प्रचंड पर्यटन-जहाजे आणून उभी केली गेली. परतताना मिळणारी कापडी पिशवी जपून ठेवावी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, सगळे निकष लावले तर सेंद्रिय कापसाच्या पिशवीला साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला सुमारे २० हजार वेळा वापरावे लागते. रोज एकदा वापरली तरी पंचावन्न वर्षे होतात. तेवढ्या काळात तुम्हाला अशा आणखी कितीतरी पिशव्या मिळतील.

राहता राहिला तो तुमच्याच खात्यातला एखादा वयस्कर अभियंता, जो बैठकीच्या शेवटी हात वर करून विचारतो की, साहेब, हिवाळ्याच्या रात्री वारा पडला तर वीज कुठून आणायची, आणि ती साठवायची म्हटले तर किती दिवसांची. त्याला हवामानबदल नाकारणारा, प्रतिगामी, तेल कंपन्यांचा हस्तक वगैरे म्हणण्याची आपल्या क्षेत्रात प्रथा आहे, परंतु ती आता जुनी झाली आणि तिच्याने माणूस अधिकच चिडतो. त्याऐवजी त्याच्या प्रश्नाचे मनापासून स्वागत करावे, त्यालाच सदस्य-सचिव करून एक उच्चस्तरीय समिती नेमावी, आणि अहवाल द्यायला तीन वर्षे द्यावीत. मुदत संपत आली की समिती मुदतवाढ मागेल. ती उदार मनाने द्यावी.