निधी परत गेला, पण का गेला?

आज पुन्हा तीच बातमी फिरतेय. ग्रामीण आरोग्याचा निधी अखर्चित, पैसे परत जाणार. आणि खाली कमेंटमध्ये नेहमीचा सूर: "यांना पैसे दिले तरी खर्च करता येत नाहीत." डोकं फिरलं वाचून. ज्यांनी आयुष्यात पीएफएमएसवर (सरकारी पैसे अदा करण्याच्या पोर्टलवर) एक बिल टाकलेलं नाही, ते लोक आरोग्य सेविकांना आळशी ठरवतायत.

एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं उदाहरण घ्या. लेबर रूममध्ये रेडियंट वॉर्मर, म्हणजे नवजात बाळाला वरून ऊब देणारं यंत्र, उभा आहे. अनुदानातून आलेला, नवा कोरा, डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवलेला. त्याचा प्लग १६ अँपिअरचा आणि भिंतीतलं सॉकेट ६ अँपिअरचं. अर्थिंगचा पत्ता नाही. धडधाकट बाळ आईच्या छातीशी दिलं की भागतं, तेच योग्यही आहे. पण दोन किलोच्या आतलं, न रडलेलं बाळ आलं की पहिल्या मिनिटात त्याला ऊब आणि श्वास दोन्ही द्यावे लागतात, आणि तिथे वॉर्मरच लागतो.

वायरमनचं एका दिवसाचं काम आहे हो! बोर्डापासून स्वतंत्र वायर, एमसीबी, १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग. मग होत का नाही? कारण वॉर्मर यंत्रसामग्रीच्या हेडमधून (खर्चाच्या ठरलेल्या शीर्षातून) आला आणि त्या हेडमधून वायरिंग करता येत नाही. इमारत जिल्हा परिषदेची, म्हणजे बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक हवं. एका पॉइंटसाठी अंदाजपत्रक करायला कोण येणार?

उरतो अबंधित निधी, म्हणजे केंद्राने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचा पैसा, आणि केंद्राचा कारभार बघणारी रुग्ण कल्याण समिती. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच होती. तेव्हा ठरलं ते असं: उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये, सरपंच आणि सिस्टर यांच्या जॉइंट खात्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राला २५,००० अबंधित, ५०,००० देखभालीचे, एक लाख रुग्ण कल्याण समितीचे. एकूण पावणेदोन लाख. एका आरोग्य केंद्राखालची लोकसंख्या सपाट भागात ३०,००० धरली तर माणशी वर्षाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. यातच फिनेल, ब्लीचिंग, पाण्याचा टँकर, तुंबलेला संडास, केसपेपरची छपाई आणि इन्व्हर्टरची बॅटरी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर पडलं नाही की प्लेटा उघड्या पडून खराब होतात आणि नवी बॅटरी घ्यावी लागते. पाण्याचा कॅन किरकोळ पैशांचा, बॅटरी हजारोंची. कित्येक सिस्टर तो कॅन स्वतःच्या पर्समधून आणतात. त्यांना आळशी म्हणताना जीभ कशी रेटते?

हो, जॉइंट खात्यांत घोळ झाले, खोटी बिलं लागली. मान्य.

पण त्यावर काढलेला उपाय बघा. आता खात्यात पैसे नसतात, 'लिमिट' असते, म्हणजे पैसे वरच्या खात्यातच राहतात आणि खाली फक्त किती खर्च करता येईल ती मर्यादा दिसते. जिल्ह्याने आराखडा पाठवायचा, राज्याने तो एकत्र करून केंद्र सरकारकडे न्यायचा, तिथून मंजुरी यायची. मग केंद्र सरकारचे ६० टक्के राज्याच्या तिजोरीत, त्यात राज्याचे ४० टक्के, मग राज्याचं एकच खातं, मग जिल्हा, मग तालुका. वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि लिमिट दिसेपर्यंत निम्मं वर्ष सरलेलं असतं. त्यानंतर समितीचा ठराव, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंद, मग पोर्टलवर एकाने बिल टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं. मधेच डॉक्टरांची बदली झाली की नव्या डॉक्टरांची नोंद होईपर्यंत सगळं ठप्प, कारण ओटीपी जुन्यांच्या मोबाईलवर जातो. तालुक्याचा वायरमन बिलासाठी चार महिने थांबत नाही. थांबलाच तर दर वाढवून लावतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून मार्चमध्ये जे एका फटक्यात खरेदी होतं आणि एका बिलात बसतं तेच येतं. म्हणजे यंत्रं. तो वॉर्मर असाच आला.

उद्या सॉकेट बसलं तरी प्रश्न संपत नाही. बाळाच्या अंगाला चिकटवायचा स्किन प्रोब असतो, त्याच्या मापावर यंत्र ३६.५ अंशांच्या आसपास तापमान राखतं. त्याची वायर नाजूक, वारंवार दुमडली की पिनेजवळ तुटते. प्रोब गेला की आपोआप तापमान राखणं बंद. मग मॅन्युअलवर चालवायचं आणि बाळ जास्त तापत नाही ना, हे सिस्टरने दुसरी प्रसूती सांभाळता सांभाळता बघायचं. खरेदी आदेशात दोन जादा प्रोब आणि वॉरंटीनंतरचा देखभाल करार एवढ्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर? त्या लिहिल्या जात नाहीत, कारण आदेश काढणारा लेबर रूममध्ये कधी उभा राहिलेला नसतो.

पैसा नाही असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ साठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटींची शिफारस केली. त्यात उपकेंद्रांच्या इमारती आहेत, तपासण्यांची साधनं आहेत. पण इमारत कुठे उभी राहते? फुकटात गायरान मिळेल तिथे. गावापासून लांब, पाणी नाही, रात्री दिवा नाही. आणि मग विचारायचं की सिस्टर मुक्कामी का राहत नाही!

चिडून लिहितोय खरा, पण हे ज्यांना पाठवतोय त्या यादीतले बरेच जण ग्रामपंचायतीत आहेत, काही रुग्ण कल्याण समितीवर आहेत. तुमच्या हातात थोडंफार आहे. पुढच्या बैठकीत हेडनिहाय शिल्लक आणि या वर्षीची लिमिट कुठल्या तारखेला आली ते मागा, आणि ती तारीख इतिवृत्तात लिहून घ्या. कुठलंही यंत्र स्वीकारण्याआधी पॉइंट, अर्थिंग आणि स्टॅबिलायझर तयार असल्याची सही घ्या. कोटेशन लिमिट यायच्या आधी गोळा करून ठेवा, त्याला कोणी अडवत नाही. आणि निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू रजिस्टरमधून काढून टाकण्याचा, विषय घ्याच. मोडक्या खाटा आणि गंजलेली स्टँड रजिस्टरवर आहेत म्हणून एक अख्खी खोली कुलपात असते. तिथे चार रुग्णांची सोय होते.