चूल, मूल आणि मॉर्मन बायका : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमच्या प्रतिक्रियेला खाली चार ओळी खरडून भागलं नसतं, म्हणून इथे ऐसपैस लिहिते. ‘एक नोकरदार आई’ अशी सही केलीत, तेव्हा ताईच म्हणते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या बायकांच्या घरसंसारावर मी लिहिलं होतं. ताईंचं म्हणणं असं की मी चूल-मूल या बेडीला सोन्याचा मुलामा देतेय, आठ मुलं सांभाळत इन्स्टाग्रामवर पाव भाजणाऱ्या बाईला भुललेय, पंधरा म्हातारे सांगतात आणि या बायका माना डोलावतात, आणि ज्यातून आपल्या आज्या सुटल्या तेच मी ‘तिची निवड’ म्हणून खपवतेय.

आधी त्या पाववाल्या बाईंचा विषय संपवू. ‘बॅलेरिना फार्म’च्या हॅना नीलमन न्यूयॉर्कच्या जुलिअर्डमध्ये बॅले शिकल्या, त्यांचे सासरे जेटब्लू विमान कंपनीचे संस्थापक, आणि त्या व्हिडिओंमागे मांस, पीठ विकणारा चांगला चालता धंदा आहे. त्यांच्यावरून युटातल्या गृहिणीचा अंदाज बांधायचा म्हणजे अंबानींकडचं लग्न बघून आपल्याकडच्या लग्नाचा खर्च काढण्यासारखं आहे.

पंधरा हा आकडा मात्र अगदी बरोबर. चर्चचे अध्यक्ष, त्यांचे दोन सल्लागार आणि बारा प्रेषित. त्यांत आजवर एकही बाई नाही. (‘मॉर्मन’ हे नाव २०१८ पासून चर्चलाच नकोसं झालंय, पण आपल्याकडे तेच ओळखीचं आहे.) माझं भांडण आहे ते ‘माना डोलावतात’ या शब्दांशी.

घरी राहणारी आई हा आदर्श या पंथात पहिल्यापासून आहे असं तुम्ही गृहीत धरलंत. तसं नाही. १४ फेब्रुवारी १८७० ला सॉल्ट लेक सिटीच्या नगरपालिका निवडणुकीत सेराफ यंग नावाच्या तरुण शिक्षिकेने मत दिलं, तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने युटातल्या बायकांचा तो हक्क काढून घेतला, १८९६ मध्ये युटा राज्य झाल्यावर तो परत मिळाला. त्याच वर्षी डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, देशातल्या पहिल्या महिला स्टेट सिनेटर. त्या निवडणुकीत उभे असलेले त्यांचे यजमान पडले!

एलिस शिप यांची गोष्ट तर आपल्याला जवळची वाटावी अशी. तीन लहान मुलगे युटात ठेवून त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकायला गेल्या, शिकता शिकता तिथेच त्यांना मुलगी झाली, आणि १८७८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आठ वर्षांनी याच कॉलेजातून आपल्या आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढे शिपबाईंनी युटात सुईणींचं आणि नर्सेसचं प्रशिक्षण सुरू केलं. त्या शिकत असताना मुलं कोणी सांभाळली? सवतींनी, कारण तेव्हा या पंथात बहुपत्नीत्व चालायचं. त्याचं समर्थन मी करणार नाही, तिथल्या बायकांनी त्यात किती गिळलं याच्या नोंदी त्यांच्याच डायऱ्यांत आहेत. पण बाईने घराबाहेर पडावं की नाही यावर त्या काळच्या चर्चचं उत्तर आजच्या तुमच्या कल्पनेपेक्षा वेगळं होतं. तेव्हाचे चर्चचे अध्यक्ष ब्रिगॅम यंग स्वतः बायकांना वैद्यक शिका, हिशेब ठेवा म्हणून सांगत होते.

१८९० मध्ये बहुपत्नीत्व अधिकृतपणे सोडल्यावर हा पंथ हळूहळू चारचौघांसारखा अमेरिकन झाला, आणि १९५० च्या दशकातलं मध्यमवर्गीय घर त्याने असं उचललं की ते जणू आकाशातूनच पडलं होतं. मग १९८७ चं अध्यक्ष एझ्रा टॅफ्ट बेन्सन यांचं ते गाजलेलं भाषण आलं, ज्यात आयांना टाइपरायटर सोडा, कारखाना सोडा, घरी या असं सांगितलं होतं. १९९५ मध्ये कुटुंबाविषयीचं जाहीर निवेदन आलं. त्यात बाप कमावणार, आई मुख्यतः मुलांचं संगोपन करणार, तरी दोघं बरोबरीचे भागीदार. फ्रेम करून ते इथे युटात कित्येक दिवाणखान्यांत लावलेलं दिसतं.

श्रद्धेची बाजू सोडून हे कळणार नाही. यांच्या मते आत्मे जन्माआधीही असतात आणि देह मिळायची वाट बघत असतात. टेम्पलमध्ये लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं. स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे. पंथातल्या कवयित्री इलायझा स्नो यांनी १८४५ मध्येच ते कवितेत मांडलं. अशा ठिकाणी आईपण ही फक्त घरची ड्यूटी राहत नाही. पण त्या स्वर्गमातेची प्रार्थना करायला परवानगी नाही, हे शेपूटही त्याला आहेच.

आता माना डोलावण्याबद्दल. १९७४ मध्ये बॉस्टनकडच्या मॉर्मन बायकांनी ‘एक्स्पोनंट टू’ हे नियतकालिक काढलं. त्यांतल्या लॉरेल थॅचर अलरिक पाच मुलांची आई, पुढे हार्वर्डच्या प्राध्यापक आणि १९९१ च्या पुलित्झर विजेत्या. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी चर्चशी जाहीर भांडण घेणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना १९७९ मध्ये बहिष्कृत केलं गेलं. २००७ मध्ये रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चच्या महिला संघटनेच्या, अध्यक्ष ज्युली बेक म्हणाल्या की आपल्या बायका जगातल्या सर्वोत्तम गृहिणी असायला हव्यात. त्यावर शेकडो मॉर्मन बायकांनी सह्यांचं पत्रक काढलं की घरकाम आणि माया ही पुरुषांचीही कामं आहेत. पुरुषांना प्रीस्टहूड, म्हणजे धर्मविधी करायचा अधिकार, आणि बायकांना आईपण, अशी वाटणी पुढे केली की त्यांतल्या काही जणी विचारतात : आईपणाच्या जोडीला बापपण आहेच, मग बाराव्या वर्षाच्या आसपास मुलाला मिळणाऱ्या प्रीस्टहूडच्या जोडीला आमच्याकडे काय? इतका नेमका प्रश्न तुमच्या प्रतिक्रियेतही नव्हता, ताई.

माझी शेजारीण यांतल्या कुठल्याच टोकाची नाही. चार मुलं, आठवड्यातून काही रात्री हॉस्पिटलात नर्स. ऑगस्ट संपला की तिच्या ओट्यावर पीचच्या पेट्या येतात. उकळत्या पाण्यात बुडवून साल काढायची, फोडी बरणीत, वर पाक, आणि मोठ्या पातेल्यात बरण्या पुन्हा उकळायच्या. गार होताना झाकण ‘टक्’ करून आत बसलं की ती न बघता मोजते. तिची सख्खी बहीण पीचचे डबे सरळ कॉस्टकोतून आणते आणि दोघीही रविवारी चर्चला जातात. चिएको ओकाझाकी आठवल्या. हवाईतल्या जपानी बौद्ध घरात वाढलेल्या, दोन मुलं वाढवताना पूर्णवेळ शिक्षिका आणि मुख्याध्यापिका, आणि १९९० मध्ये रिलीफ सोसायटीच्या सर्वोच्च मंडळात. १९९६ च्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की युटात फळं बरणीत भरतात, हवाईत टोपलीत ठेवतात, आणि दोन्हीही चालतं.

२०२२ मध्ये तर कमिल जॉन्सन रिलीफ सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. तीन मुलगे वाढवत त्यांनी जवळजवळ तीस वर्षं वकिली केली. त्याचं कौतुक सुरू झालं तेव्हा १९८७ चं ऐकून नोकरी सोडलेल्या बायका भडकल्या : मग आम्हाला तेव्हा घरी का बसवलंत? त्यांच्या या रागाबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं होतं, तेवढा परिच्छेद तुम्ही गाळलात.

एका मुद्द्यावर आपलं भांडण नाही, तो म्हणजे पैसा. मुलींनी शिकावं असं चर्च आवर्जून सांगतं, पण सूर बऱ्याचदा आपल्याकडच्या ‘शिकून ठेव, वेळ काय सांगून येते’ असाच असतो. बायका-पुरुषांच्या कमाईतली युटातली दरी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या दऱ्यांमध्ये मोजली जाते. शिवाय घटस्फोटितेला नवऱ्याच्या नोंदीवर सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, हवी तर लग्न किमान १० वर्षं टिकलेलं लागतं. नवव्या वर्षी मोडलं, तर मुलं वाढवण्यात गेलेल्या त्या काळाचा सरकारी हिशोबात एक पैसाही नाही. यावर लिहायचं असेल तर लिहा ताई, खाली पहिली सही माझी.