खणखणीत वाजले म्हणून नाणे खरे? प्राचीन ग्रीक चांदीच्या नाण्यांच्या घरगुती परीक्षेचा प्रतिवाद

नाणेसंग्राहकांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. प्राचीन ग्रीक चांदीचे नाणे चुंबकाला चिकटत नसेल, वजनात बरोबर भरत असेल, फरशीवर टाकल्यावर खणखणीत वाजत असेल, अंगाने काळपट आणि कडेने ओबडधोबड असेल, त्यावर छिन्नीचा जुना काप असेल, सराफाने चांदी चोख सांगितली असेल आणि खऱ्या नाण्याच्या फोटोशी ते हुबेहूब जुळत असेल, तर ते शंभर टक्के खरे, असे त्यात म्हटले आहे. यातल्या काही कसोट्या नाणे बाद करायला उपयोगी आहेत, पण नाणे पास करायला एकही पुरत नाही. शेवटची तर उलटीच लागू होते.

उदाहरणासाठी अथेन्सचे घुबडाचे टेट्राड्राख्म, म्हणजे चार द्राख्मांचे नाणे घेऊ. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला घुबड, मागे ऑलिव्हची डहाळी व चंद्रकोर, पुढे अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली आणि आज नकलाही याच नाण्याच्या सर्वाधिक दिसतात. (आपल्या ‘दाम’ या शब्दाचे मूळ, द्रम्ममार्गे, याच द्राख्ममध्ये आहे.)

‘चुंबकाला चिकटले नाही, म्हणजे चांदी.’ तांबे, कथील, शिसे, जस्त, पितळ यांतले काहीच चुंबकाला चिकटत नाही, आणि बहुतेक स्वस्त नकला यांच्याच असतात. चुंबकाने फक्त लोखंडावर मुलामा दिलेला माल पकडला जातो. तिरप्या धरलेल्या नाण्यावरून निओडिमियम चुंबक हळूहळू घसरतो, हाही पुरावा म्हणून सांगतात. तांब्यावरूनही तो तसाच घसरतो.

‘वजन 17.2 ग्रॅम भरले, म्हणजे झाले.’ 17.2 ग्रॅम हे अ‍ॅटिक (म्हणजे अथेन्सच्या) मापाचे टेट्राड्राख्म. सगळी ग्रीक नाणी या मापाची नव्हती. एजिना नगराचे कासवाचे मुख्य नाणे, म्हणजे स्टेटर, 12.2 ग्रॅमच्या आसपास असते आणि कॉरिंथचे पंखवाल्या घोड्याचे 8.6 ग्रॅमच्या. आधी नाणे कोणत्या नगराचे आणि कोणत्या काळाचे ते ठरवायचे, मग वजन पाहायचे. खरे घुबडही झिजून, गंजून 16.7 ग्रॅमवर आलेले सापडते. 17.5 ग्रॅम भरले तर मात्र जास्त सावध व्हावे, कारण नाणी काळाबरोबर हलकी होतात, जड होत नाहीत. बरोबर वजन साधणे हे नकली नाणे करणाऱ्याचे सर्वांत सोपे काम आहे.

वजनापेक्षा घनता जास्त बोलते, पण ती नीट मोजली तर. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे नाण्याला बुडबुडे कमी चिकटतात, आणि मग आकडा शून्यावर आणा. बारीक नायलॉनच्या धाग्याने नाणे पूर्ण बुडेल असे टांगून धरा. तळाला किंवा काचेला ते टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीची घनता 10.49, म्हणून 17.2 ग्रॅमच्या नाण्याला आकडा 1.64 यायला हवा. कथलाच्या नाण्याला तो 2.36 च्या आसपास येतो. त्याच आकारमानात आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असेल, तर नाण्याचे वजनच साधारण 15 ग्रॅमवर येते. दशांशाचा एकच आकडा दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा प्रयोग करू नये: 1.6 वाचला तर घनता 10.75 निघते, 1.7 वाचला तर 10.1, आणि दोन्ही निरर्थक आहेत.

आता मर्यादा. दागिन्यांच्या 925 चांदीची घनता सुमारे 10.36 असते, म्हणजे काट्यावर 1.66. शुद्ध चांदीशी फरक अवघा 0.02, आणि तोही एखाद्या बुडबुड्यात हरवतो. उलट, आतून भेगाळलेले खरे नाणे पाणी शोषते आणि आकडा सरकत राहतो. घनतेने कथील आणि तांबे बाद होते. चांदीत केलेली नक्कल तिच्यातून निसटते.

‘फरशीवर टाका, खणखणीत वाजले तर खरे.’ सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होते. बंदा रुपया वाजवून घ्यायची सराफांची रीत रुपयासाठी योग्य होती: यंत्रावर पाडलेली, एकाच जाडीची, एकाच मिश्रधातूची ती तबकडी, त्यामुळे तिचा आवाज ठरलेला. अथेन्सचे घुबड म्हणजे सुमारे 24 मिलिमीटर रुंद आणि सरासरी साडेतीन मिलिमीटर जाड गोळा. त्याला रुपयासारखी किणकिण नसतेच.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुनी चांदी ठिसूळ होते. तिच्यात विरघळलेले थोडे तांबे शतकानुशतके कणांच्या सीमांवर गोळा होते, त्या सीमांवरून गंज आत शिरतो आणि धातू खडीसाखरेसारखा रवाळ बनतो. वरून धडधाकट दिसणारे असे नाणे टेबलाच्या उंचीवरून पडले तरी दोन तुकडे होतात. त्याचा आवाजही बद्द येतो, म्हणजे या कसोटीवर ते ‘नकली’ ठरते. कालच पाडलेली 925 चांदीची नक्कल मात्र मस्त वाजते. रवाळपणा हे जुनेपणाचे चांगले लक्षण आहे, कारण त्याची नक्कल अवघड असते. तो आपटून नव्हे, तर कडेच्या भेगेत 10 पट भिंगाने शोधायचा.

‘काळपट आहे, म्हणजे जुने.’ चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदीचे सल्फाइड, आणि गंधकाच्या द्रावणात तो काही मिनिटांत चढतो. नाण्याच्या उंच भागांवरचा काळेपणा पुसून खोलगट भागांत तो ठेवला की ‘वापरलेले’ रूपही येते. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या नाण्यावर बऱ्याचदा चांदीच्या क्लोराइडचा राखाडी-जांभळट, मेणासारखा थर असतो. हा थर धातूतून उगवलेला असतो आणि त्याची सीमा अनियमित असते. शंका असेल तर नाणे काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोनमध्ये तासभर ठेवा. खिडकी उघडी असावी, जवळपास ज्योत नसावी. रंग, लाख, डिंकाने चिकटवलेली माती सुटून येईल. सल्फाइड आणि क्लोराइड जागेवर राहतील. लिंबू, चिंच, पितांबरी यांनी घासून पाहू नये. नाणे खरे असेल तर त्याची किंमत आणि त्यावरचा पुरावा दोन्ही त्यात जातात.

‘ओबडधोबड आहे, छिद्रे आहेत, म्हणजे हाताने पाडलेले.’ ओतीव नक्कलही ओबडधोबडच असते, कारण ती ओबडधोबड खऱ्या नाण्यावरूनच ओतलेली असते. ती ओळखायची ती पृष्ठभागावरून. ओतताना हवा अडकून झालेली छिद्रे गोल असतात आणि अक्षरांच्या बगलेत, सपाट भागात दाटतात. साच्यात बुडबुडा राहिला तर नाण्यावर गोल पुळी उठते, आणि पुळ्या हे छिद्रांपेक्षा वाईट लक्षण आहे: गंजाने खड्डा पडतो, पुळी उठत नाही. गंजाचे खड्डे वाकडेतिकडे असतात आणि चित्र, अक्षर, कड असा भेद करत नाहीत. कोरलेल्या ठशाने ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू दाबाने बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो. त्याच्या बारीक रेषा अक्षरांजवळ आणि कडेकडे जाताना भिंगातून दिसतात. ओतिवात त्या पुसट होतात किंवा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीतपणा दिसतो. घावाने कडेला पडलेली खरी भेग खोल आणि दातेरी असते. ओतलेली भेग उथळ आणि तळाशी गोलसर.

कड संपूर्ण फिरवून पाहावी. साच्याच्या दोन भागांची शिवण तिथेच येते, आणि ती कानशीने घासल्याच्या समांतर रेषाही तिथेच राहतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी यांनी केलेल्या विद्युत-प्रतिकृती (विजेच्या साहाय्याने साच्यात धातू चढवून केलेल्या) फार सुबक आहेत, पण त्या दोन कवचे जोडून केलेल्या असल्याने सांधा कडेवरच असतो. पुष्कळांच्या कडेवर आर आर किंवा एम बी अशी रोमन अक्षरेही असतात. पर्यटकांसाठीच्या प्रतिकृतीवरचा ‘कॉपी’ शिक्काही काही जण घासून टाकतात. कडेवर किंवा चित्रामागच्या मोकळ्या जागेत एकच सपाट, चकचकीत पट्टा दिसला तर कारण विचारावे.

उलट दिशेची चूकही होते. ‘नेटका गोल म्हणजे नकली’ हे घुबडाच्या जुन्या जाड नाण्यांना काही अंशी लागू पडते, पण अथेन्सचीच इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली ‘नव्या शैलीची’ टेट्राड्राख्मे पातळ, रुंद आणि बऱ्यापैकी गोल असतात.

‘छिन्नीचा काप म्हणजे प्राचीन तपासणीचा शिक्का.’ काप म्हणजे त्या काळी कोणालातरी शंका आली होती, इतकेच. इसवी सनपूर्व 375/4 मधला, निकोफॉन नावाच्या नागरिकाने मांडलेला कायदा अथेन्समध्ये शिलालेखावर सापडला आहे. बाजारातल्या पारख्याने, जो सार्वजनिक गुलाम असे, आत तांबे-कासे किंवा शिसे निघालेले अथवा खोटे नाणे तिथल्या तिथे आडवे कापावे, आणि ते देवमातेच्या मालकीचे मानून नगराच्या परिषदेकडे जमा करावे, असे त्यात सांगितले आहे. कामात कसूर केली तर पारख्याला 50 फटके. म्हणजे अथेन्सच्या पारख्याच्या हाताखाली कापले जाई ते खोटे नाणे! इजिप्त आणि पूर्वेकडच्या प्रदेशांत मात्र खऱ्या घुबडांवरही तपासणीचे घाव सर्रास घातले गेले. म्हणून काप मोजायचा नाही, त्याच्या आत पाहायचे. खऱ्या कापाच्या भिंती तीक्ष्ण असतात, कडांवर धातू वर उचललेला असतो आणि बऱ्याचदा विरुद्ध बाजू घावाखाली थोडी चेपलेली असते. कापासकट ओतलेल्या नाण्यात कापाचा तळ गोल असतो आणि आतली कातडी बाहेरच्यासारखीच. आत तांबूस गाभा दिसला तरी लगेच ‘आधुनिक नक्कल’ म्हणू नये. चांदीचा पत्रा चढवलेली नाणी प्राचीन काळातही होती.

‘सराफाने चोख चांदी सांगितली.’ तो चांदीबद्दल खरेच सांगतो आहे, वयाबद्दल काही सांगत नाही. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर (1772–1830) हाताने ठसे कोरून चांदीत नाणी पाडत असे, आणि त्यासाठी खरी पण स्वस्त प्राचीन नाणीच ठसा मारायची तबकडी म्हणून वापरत असे. त्याच्या नाण्याची धातूपरीक्षा प्राचीनच येणार. त्याला पकडायचे ते ठशांवरून. त्याचे ठसे बर्लिनच्या संग्रहालयात आहेत.

कसोटीच्या दगडावर नाणे घासू नये. हॉलमार्क केंद्रातले एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारे यंत्र नाण्याला धक्का लावत नाही, पण ते वरचा अगदी पातळ थरच वाचते. तरीही त्याचे वाचन टाकाऊ नाही. शिशाच्या खनिजातून मुशीत काढलेल्या प्राचीन चांदीत थोडे शिसे आणि थोडे सोने बहुधा मागे राहते. दोन्ही शून्य, किंवा 92.5 टक्के चांदी आणि बाकी सगळे तांबे, किंवा जस्त-कॅडमियमची खूण दिसली तर अथेन्सच्या घुबडाची आशा सोडावी.

‘फोटोशी हुबेहूब जुळले.’ सगळ्यांत घातक समजूत हीच. एकाच ठशाच्या जोडीतून निघालेल्या दोन खऱ्या नाण्यांत चित्र जुळते, नाणे जुळत नाही. तबकडी प्रत्येक वेळी हाताने ठेवलेली, घाव प्रत्येक वेळी वेगळा. म्हणून कडेचा आकार, चित्र किती सरकले, भेग कुठे पडली, झीज कुठे झाली, ओरखडे कुठे, हे सगळे वेगवेगळे असायलाच हवे. दोन नाण्यांत यांपैकी दोन-तीन गोष्टी एकसारख्या निघाल्या, तर निदान एक नाणे दुसऱ्यावरून किंवा दोन्ही तिसऱ्यावरून केलेली आहेत.

हल्लीच्या चांगल्या नकला ओतीव नसतात. खऱ्या नाण्यावरून पोलादी ठसा तयार करून त्याने चांदी ठोकली जाते, म्हणून धातूच्या सरकल्याच्या रेषाही नव्या आणि खऱ्या असतात. पण मूळ नाण्याची झीज, त्याचा एखादा ओरखडा, कापाची सावली ठशात उतरते आणि प्रत्येक प्रतीवर त्याच जागी येते. आणखी एक खूण: मूळ नाण्यावर अथेनाचा तुरा कडेबाहेर गेलेला असेल, तर ठशातही तो तिथेच तुटतो. नक्कल थोड्या मोठ्या तबकडीवर पाडली की पुढे जागा असूनही तुरा मध्येच संपतो.

हे तपासायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा मँटिस आणि लिलावांचा एसीसर्च हे ऑनलाइन संग्रह उघडावेत. तोच प्रकार शोधून किमान 30-40 नाण्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहावेत. तासभर लागतो. ‘एकाच निधीत (पुरलेल्या ठेव्यात) सापडली’ या सांगण्यावर विसंबू नये: 1988 मध्ये बाजारात आलेली काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया आणि मेसेम्ब्रियाची छोटी चांदीची नाणी निधीतली म्हणूनच विकली गेली होती, आणि ती आधुनिक असल्याचे तज्ज्ञांनी नंतर ठशांवरून व पृष्ठभागावरून दाखवले.

आपल्याकडे हा मजकूर मेनांडर आणि अपोलोडोटस या राजांच्या इंडो-ग्रीक द्राख्मांसाठीही वापरला जातो. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवास-व्यापारग्रंथात भरूचच्या बाजारात चालत असल्याचे सांगितले आहे ती हीच नाणी. त्यांचे वजन सुमारे 2.4 ग्रॅम, म्हणजे पाण्यातला आकडा 0.23. काट्याची 0.01 ची चूक धरली तर घनता 10.0 ते 10.9 मध्ये कुठेही येते, म्हणून इथे घरगुती घनता सोडूनच द्यावी आणि ठसे, अक्षरे व कड यांवर भर द्यावा. विक्रेत्याकडे पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि चारही दिशांनी कडेचे फोटो, 0.01 ग्रॅमपर्यंतचे वजन, आणि नाणे पूर्वी कुठे विकले गेले त्याचा फोटोसह दाखला मागावा. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा.