हिगिन्सचं स्मारक बघायला गेलात तर बोटीच्या मागच्या बाजूलाही या

अमेरिकेतल्या नेब्रास्काहून कुठल्याही दिशेला निघा, तीन राज्यं पार केल्याशिवाय समुद्र दिसत नाही. अशा राज्यातल्या कोलंबस गावी 1886 साली अँड्र्यू जॅक्सन हिगिन्स जन्मला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी बोट त्याची. गावाने पॉनी पार्कात त्याचं स्मारक केलंय: मूळ मापाची बोट, उघडा रॅम्प (म्हणजे खाली पडून उतार होणारा पुढचा दरवाजा), त्यातून धावत निघालेले ब्राँझचे सैनिक. नुसता अर्धपुतळा बसवला नाही हे फार बरं केलं.

तक्रार एवढीच की सगळे फोटो रॅम्पचे निघतात, आणि रॅम्पची कल्पना हिगिन्सची नव्हेच. 1937 मध्ये शांघायला जपान्यांच्या बोटींना असे रॅम्प होते. व्हिक्टर क्रुलाक या अमेरिकन मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं दल) अधिकाऱ्याने त्यांचे फोटो काढून पाठवले, ते बराच काळ धूळ खात पडले. हिगिन्सने आपल्या बोटीला रॅम्प बसवला तो 1941 मध्ये.

त्याची खरी करामत पाण्याखाली आहे. लुइझियानाच्या दलदलीत तेल शोधणाऱ्यांसाठी तो उथळ पाण्याच्या बोटी बांधायचा. तिथे बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा ओंडक्यावर आपटून मोडायचा, म्हणून त्याने तळाला मागे बोगद्यासारखी खोबण काढून पंखा आत घेतला. पुढच्या टोकाला पाइनचा भरीव ठोकळा दिला, म्हणजे ओंडक्यावर किंवा वाळूवर बोट सरळ चढवली तरी काही होत नाही. युद्धातली बोट याच तळावर उभी राहिली: लांबी 36 फूट, बाजू प्लायवूडच्या, 225 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, 36 सैनिक किंवा एक जीप आणि 12 माणसं.

वाळूत घुसणं सोपं, परत निघणं अवघड. किनाऱ्याला टेकल्यावर तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, इंजिन पुढच्याच गिअरमध्ये चालू ठेवायचं आणि सुकाणूने मागची बाजू लाटांना काटकोनात धरायची. सैनिक उतरले की पुढचा भार कमी होतो, बोट तरंगू लागते. त्याच क्षणी मागून तिरकी लाट आली तर बोट आडवी होते, पाणी भरतं, इंजिन बंद पडतं आणि मागून येणाऱ्यांची वाट अडते. म्हणून रॅम्प वर घेऊन लगेच रिव्हर्स. पंखा खोबणीत सुरक्षित असतो, म्हणूनच हे जमतं. रॅम्प घाईने वाळूच्या दांड्यावर उघडला तर आणखी वाईट, कारण दांड्याच्या पलीकडे पाणी पुन्हा खोल असतं आणि पाठीवरच्या ओझ्यासकट माणूस बुडतो.

ही बोट जादूची नव्हती, हेही स्मारकापाशी उभं राहून आठवावं. बाजूच्या प्लायवूडमधून गोळी आरपार जायची. नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या तारावा बेटांवर मरीन उतरले तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती होती. भरलेल्या बोटीला चारेक फूट पाणी लागायचं आणि प्रवाळावर तेवढं नव्हतं. बोटी कडेलाच अडकल्या. मरीन पाचशेहून जास्त यार्ड गोळीबारात पाणी तुडवत गेले. प्रवाळ ओलांडायला पट्ट्यांवर चालणारी अ‍ॅमट्रॅक वाहनं होती, पण ती पुरेशी नव्हती. दोष बोटीच्या आराखड्याचा नव्हता, भरतीचा अंदाज चुकवणाऱ्यांचा होता.

स्मारकात वेगवेगळ्या किनाऱ्यांवरची वाळू आणून ठेवलीय, ती जरूर बघा. पण वाळूशेजारी त्या खोबणीचा उभा छेद, पंखा आणि सुकाणूसकट, मूळ मापात दाखवला तर शाळेच्या सहलीतल्या पोरांनाही कळेल की हिगिन्सने नेमकं केलं काय.