आठ शब्दांचा शेरा आणि तुमचा भत्ता

"घरास कुलूप. इसम मिळून आला नाही. वॉरंट परत."

जप्तीच्या वॉरंटाच्या पाठीवरचे हे आठ शब्द फुकट वाचायला मिळत नाहीत. त्यासाठी आधी प्रोसेस फी (वॉरंट बजावण्याचं कोर्टाचं शुल्क), मग बेलिफाचा (ते बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा) भत्ता, मग नाझर विभागात (बेलिफांचं काम पाहणाऱ्या कचेरीत) दोन-तीन खेपा. तेव्हा वसुलीचा दावा जिंकून हुकूमनामा (पैसे द्या असा कोर्टाचा आदेश) पदरात पाडून घेतलेल्या भाग्यवंतांनो, आता दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) टाकून उरलेसुरले पैसेही कसे घालवायचे, त्याची ही खात्रीशीर रीत.

पहिलं म्हणजे खर्चाचा कागद ठेवू नका. अंमलबजावणीचा खर्च आधी धनकोने, म्हणजे पैसे येणं असलेल्याने, करायचा आणि मग ऋणकोकडून, म्हणजे देणेकऱ्याकडून, वसूल करायचा, अशी व्यवस्था आहे. जप्तीच्या वॉरंटात मुद्दल, व्याज, दाव्याचा खर्च यांच्या जोडीला अंमलबजावणीच्या खर्चालाही रकाना असतो. तो आपोआप भरतो असं समजा. प्रत्येक फेरीनंतर प्रोसेस फीची आणि भत्त्याची पावती लावून पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) द्यायची, आकडा वाढवून घ्यायचा, ही कारकुनी विजेत्याला शोभत नाही. चार वर्षांनी हिशेब होईल तेव्हा त्या रकान्यात पहिल्या फेरीची प्रोसेस फी तेवढी सापडेल.

आता भत्ता. भत्ता म्हणजे बेलिफाचा ऋणकोच्या दारापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च. तो तुम्ही नाझराकडे भरता, पावती मिळते, विषय संपतो. बेलिफाला पगार सरकार देतं. हे सगळं ठाऊक असूनही ठरल्या दिवशी गाडी घेऊन कोर्टाच्या फाटकाशी उभे राहा, कारण "जायचं कसं?" या प्रश्नाचं उत्तर पावतीवर छापलेलं नसतं. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं. पंचही तुम्हीच आणायचे, कारण ऋणकोच्या आळीत पंचनाम्यावर सही करायला कोणी पुढे येत नाही. त्यांचा दिवस मोडला त्याचे पैसे तुमचे. जाताना चहा, येताना जेवण. पोलीस बंदोबस्त मागितला असेल तर त्याचं शुल्क वेगळं. हमाल सांगून ठेवलेत, टेम्पो उभा आहे, त्याचं वेटिंग चालू आहे. आणि दाराला कुलूप! कालपर्यंत सताड उघडं असलेलं दार, नेमकं आज. आदल्या संध्याकाळी कोणाचा फोन कोणाला गेला हे कोणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. परतताना गाडीत मागच्या सीटवर शेरा लिहिला जातो आणि उतरता उतरता ते दोन शब्द येतात, "बघा काहीतरी." काय बघा? प्रोसेस फी बघितली, भत्ता बघितला, पेट्रोल, पंच, टेम्पो, जेवणाचं बिल, सगळं बघून झालं! जप्ती झाली नाही तरी बघायचं, झाली असती तर दुप्पट बघायचं. या सगळ्यातली प्रोसेस फी, भत्ता आणि पावती असलेलं बंदोबस्ताचं शुल्क एवढंच कोर्टासमोर मांडता येतं. बाकीची तुमची सहल होती.

(बेलिफ कमी आणि त्यांच्या पिशवीत समन्स-नोटिसांचा ढीग, हे खरंच आहे. सरळ काम करून स्वतःच्या दुचाकीवरून फिरणारेही आहेत. हे त्यांच्यासाठी नाही.)

जप्ती शक्यतो उशिरा ठेवा. सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरता येत नाही, त्यामुळे भत्ता पुन्हा भरायची संधी चालून येते.

जंगम (हलवता येणाऱ्या मालाच्या) जप्तीत 'घरातील सर्व सामान' एवढंच लिहा. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, नेसते कपडे, कारागिराची हत्यारं यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार हात लावता येत नाही. उरतो जुना फ्रिज आणि दार न लागणारं कपाट. ते उचलायला हमाल, न्यायला टेम्पो, ठेवायला जागा. सांभाळायचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त होणार असेल तर माल लगेच विकायची सोय त्याच संहितेच्या ऑर्डर २१ च्या नियम ४३ मध्ये आहे. ती कोणाला आठवून देऊ नका.

त्याहून मोठी हौस असेल तर अटक वॉरंट मागा. इथे तर तुम्ही यजमान. ऋणकोच्या जेवणाखाण्याचा निर्वाहभत्ता अटकेआधीच कोर्टात भरायचा आणि पुढे दर महिना सुरू होण्यापूर्वी. एक हप्ता चुकला की तो सुटला, आणि सुटला की त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक नाही. रक्कम ५,००० च्या वर असली तरी कैद जास्तीत जास्त ३ महिने. २,००० पर्यंत असेल तर कैदच नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक नाही. तुम्ही भरलेला निर्वाहभत्ता खर्चात धरला जातो, पण त्या रकमेसाठी ऋणकोला आत ठेवता येत नाही. पाहुणचार असावा तर असा.

पगारजप्तीच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी जप्त होतं, म्हणजे ४०,००० पगारातले दरमहा १३,०००. हे २४ महिने चालतं. आदेश पगार देणाऱ्याकडे जातो, कपात तिथेच होते. ना टेम्पो, ना पंच, ना कुलूप. मग "बघा काहीतरी" कोण म्हणणार?

दाराच्या आत बसलेल्या ऋणकोंनाही एक सल्ला. बेलिफ आला की रोख पैसे हातावर ठेवा, पावती मागू नका. किंवा धनकोशी परस्पर मिटवा आणि कोर्टात नोंदवू नका. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत विचारातच घेतला जात नाही, त्यामुळे तेच कर्ज दोनदा फेडण्याचं पुण्य लाभतं.

आता पुरे झाली थट्टा.

भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १८७२ साली म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढा. आणि तरी 'घरास कुलूप' लिहिलं की सगळे माना डोलावून पुढची तारीख घेतात! ऑर्डर २१ चा नियम २५ काय सांगतो? वॉरंट बजावलं गेलं नाही तर कारण लिहायचं आणि कोर्टाने त्या अधिकाऱ्याला बोलावून तपासायचं. किती वकील साहेब तसा अर्ज देतात? 'पुन्हा वॉरंट काढावे' लिहायला एक ओळ पुरते म्हणून तीच लिहायची, आणि भत्ता अशिलाने भरायचा. त्याच ऑर्डरचा नियम ४१ वर्षानुवर्षं पुस्तकात पडून आहे: रक्कम ३० दिवस थकली की ऋणकोला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येतं, नाही दिलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद. कुठे पगार, कुठे खातं, कुठे जमीन हे आधी कळलं असतं तर टेम्पो कशाला लागला असता? आधी वॉरंट सोडायचं आणि मग शोधायचं की घेण्यासारखं काय आहे, ही कुठली पद्धत?

आणि तुम्ही. हो, तुम्हीच. "काम होतंय ना, देऊन टाकू" म्हणत तुम्हीच तो दर वाढवलात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तक्रार करायची असते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फुकट लागतो, अख्ख्या दरखास्तीतली ती एकमेव फुकट गोष्ट. पण नाही. तुम्हाला पुढच्या फेरीचं भय. पुढची फेरी तशीही कुलपाशीच संपते!

वॉरंट परत आलंय ना? मग त्याच तारखेला बेलिफाला तपासण्याचा अर्ज द्या, सोबत कुलूप तोडण्याच्या परवानगीचा. दोन्हींना स्टॅम्प वेगवेगळे लागतील.